पोस्टफिक्स सुरू होत नसेल तेव्हा: नव्या सर्व्हर-व्यवस्थापकासाठी क्रमवार तपासणी

सकाळी कार्यालयात पाऊल ठेवताच कोणीतरी सांगते की मेल जात नाहीत. आपण सर्व्हरवर लॉगिन करून मेलची सेवा सुरू करायला जातो आणि ती सुरू होत नाही. सर्व्हरची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्या माणसाचे हात अशा वेळी घाईने चालू लागतात. एक फाइल बदलली जाते, मग दुसरी, मग सगळा सर्व्हरच रीबूट केला जातो, आणि तासाभराने मूळ बिघाड कोणता आणि आपण नव्याने घातलेला कोणता हे वेगळे काढता येत नाही. हा लेख त्या पहिल्या तासासाठी आहे. उदाहरणासाठी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आणि त्याखाली उबुंटू किंवा डेबियन घेतले आहे. रेड हॅट घराण्यात जिथे महत्त्वाचा फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

वाचण्याच्या सोयीसाठी आज्ञा, फायलींची नावे आणि लॉगमधले संदेश येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे आहेत, आणि जवळपास सगळ्या आज्ञांना रूटचे अधिकार लागतात, म्हणून त्यांच्याआधी 'सुडो' लावायचे आहे.

थांबलेला सर्व्हर पत्रे हरवत नाही

कामाला हात घालण्यापूर्वी ही गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. आपला सर्व्हर बंद असताना बाहेरच्या सर्व्हरला २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी मिळाली नाही, तर तो पत्र लगेच परत करत नाही. तो ते स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा येतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५३२१ या मानकात असे म्हटले आहे की प्रयत्न सोडून देण्यापूर्वी साधारणपणे किमान चार ते पाच दिवस वाट पाहावी. खुद्द पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळातच पाच दिवसांची असते. म्हणजे सकाळी दहाला बंद दिसलेली सेवा दुपारी दोनला सुरू झाली, तर बाहेरून येणारी पत्रे थोडी उशिरा पोहोचतात, एवढेच. वन-टाइम पासवर्डसारखे निरोप तेवढ्यात शिळे होतात हे खरे; पण पत्रव्यवहार बुडत नाही.

खरे नुकसान अर्धवट दुरुस्त झालेला सर्व्हर करतो. समजा, घाईघाईत केलेल्या बदलाने पोस्टफिक्स सुरू झाला, पण आपले डोमेन त्याला 'आपले' वाटेनासे झाले किंवा पत्त्यांची यादी रिकामी किंवा चुकीची झाली. मग येणाऱ्या प्रत्येक पत्राला तो ५५० किंवा ५५४ अशा पाचाने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे उत्तर देईल. पाचाने सुरू होणारे उत्तर म्हणजे कायमचा नकार. पाठवणारा सर्व्हर पुन्हा येत नाही. पत्र त्याच क्षणी पाठवणाऱ्या माणसाकडे परत जाते. म्हणून कारण कळल्याशिवाय सेवा कशीबशी उभी करण्यापेक्षा ती तासभर बंद राहिलेली परवडते, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा पहिले काम कीबोर्डवरचे नाही. कार्यालयातल्या लोकांना सांगावे की मेल सध्या बंद आहे, आलेली पत्रे उशिरा पोहोचतील, आणि पाठवायचे पत्र अत्यंत तातडीचे असेल तर दूरध्वनी करावा. दर दोन मिनिटांनी येणारी विचारणा थांबली की डोके शांत ठेवून लॉग वाचता येतो.

आत काय चालते

पोस्टफिक्स हा एकच मोठा प्रोग्राम नाही. वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात तो लिहिला, १९९८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला, आणि सुरक्षिततेच्या विचाराने त्याची रचना पहिल्यापासूनच लहान लहान स्वतंत्र प्रोग्राममध्ये विभागलेली आहे. 'मास्टर' नावाची एक प्रोसेस सतत जागी असते. पोर्ट उघडून बसणे आणि गरज पडेल तसे बाकीचे प्रोग्राम उठवणे हे तिचे काम. बाहेरून जोडणी आली की ती 'एसएमटीपीडी'ला उठवते, रांग 'क्यूएमजीआर' सांभाळतो, स्थानिक पेटीत पत्र टाकायला 'लोकल' येतो.

या रचनेमुळे बिघाडाचे दोन वेगळे प्रकार होतात. एकात मास्टरच उभा राहत नाही. दुसऱ्यात मास्टर उभा राहतो, पण त्याने उठवलेली प्रोसेस लगेच कोसळते. तेव्हा सेवा चालू दिसते आणि मेल मात्र येत नाही. आपल्यासमोर यातला कोणता प्रकार आहे हे ठरवणे म्हणजे अर्धी तपासणी झाली.

कॉन्फिगरेशनच्या फायली मुख्यतः दोन, आणि दोन्ही '/ईटीसी/पोस्टफिक्स' या फोल्डरमध्ये असतात. 'मेन.सीएफ'मध्ये धोरण असते: आपले नाव काय, डोमेन कोणते, कोणाकडून पत्र घ्यायचे. 'मास्टर.सीएफ'मध्ये कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्राम उठवायचा त्याचा तक्ता असतो.

पहिली पायरी: सेवा खरोखर बंद आहे का?

इथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते. उबुंटू २०.०४ किंवा २२.०४ वर 'सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स' ही आज्ञा दिली की हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' दिसते आणि त्यापुढे कंसात 'एक्झिटेड' असा शब्द असतो. डोळा हिरव्या रंगावर थांबतो. प्रत्यक्षात या आवृत्त्यांमध्ये 'पोस्टफिक्स' नावाचे युनिट, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडी या यंत्रणेतली सेवेची नोंद, हे नुसते पांघरूण आहे. ते सुरू होते, काहीही न करता यशस्वी झाल्याचे सांगते आणि संपते. खरी सेवा 'पोस्टफिक्स@-' या नावाच्या युनिटमध्ये असते, म्हणजे पोस्टफिक्स, मग ॲटचे चिन्ह, मग एक आडवी रेघ. मास्टर उभा राहिला नसला तरी पांघरूण हिरवेच दिसते, आणि 'सिस्टमसीटीएल स्टार्ट पोस्टफिक्स' ही आज्ञाही काही तक्रार न करता परत येते. म्हणून 'सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स@-' असेच विचारावे.

त्याहून सरळ प्रश्न पोस्टफिक्सला विचारता येतो. 'पोस्टफिक्स स्टेटस' ही आज्ञा मेल यंत्रणा चालू आहे की नाही ते एका ओळीत सांगते आणि चालू असेल तर मास्टरचा प्रोसेस क्रमांकही देते. तिच्या जोडीला 'एसएस -एलटीएनपी' चालवून २५, ४६५ आणि ५८७ या पोर्टवर कोण कान लावून बसले आहे ते पाहावे. २५ दोन सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी, उरलेले दोन आपल्या माणसांनी पत्र पाठवण्यासाठी असतात.

एक वेगळी शक्यता इथेच निकालात काढावी. 'मेल येत नाही' या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा असा असतो की पेटी उघडत नाही. पेटी उघडून देणे हे पोस्टफिक्सचे काम नव्हे. ते सहसा डव्हकॉट नावाच्या वेगळ्या प्रोग्रामचे असते. पोस्टफिक्स ठणठणीत चालत असेल आणि १४३ किंवा ९९३ या पोर्टवर कोणी नसेल, तर तपासणी डव्हकॉटची करायला हवी, आणि तिची सुरुवात 'डव्हकॉन्फ -एन' या आज्ञेने होते, कारण कॉन्फिगरेशनमधली चूक ती लगेच दाखवते.

दुसरी पायरी: आधी प्रत, मग लॉग

काहीही बदलण्यापूर्वी सगळ्या फोल्डरची प्रत काढून ठेवावी: 'सीपी -ए /ईटीसी/पोस्टफिक्स /रूट/पोस्टफिक्स-प्रत'. आहे ती अवस्था बिघडलेली असली तरी तीच आपला पुरावा आहे.

मग लॉग. डेबियन आणि उबुंटूवर तो '/व्हार/लॉग/मेल.लॉग' या फाइलीत, रेड हॅट घराण्यात '/व्हार/लॉग/मेललॉग' या फाइलीत असतो. फाइल नसेल तर 'जर्नलसीटीएल -यू पोस्टफिक्स@-' ही आज्ञा द्यावी. एक टर्मिनल उघडून त्यात 'टेल -एफ' लावून लॉग वाहता ठेवावा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून 'पोस्टफिक्स स्टार्ट' ही आज्ञा थेट द्यावी. सिस्टमडीच्या मार्गाने न जाता थेट आज्ञा दिली की पुष्कळ तक्रारी डोळ्यांसमोर पडद्यावरच येतात.

लॉगमध्ये चार शब्द शोधायचे आहेत. 'वॉर्निंग' म्हणजे काहीतरी खटकले, पण काम पुढे चालू आहे. 'एरर' म्हणजे चूक झाली; अशा तेराहून अधिक चुका झाल्या की ती प्रोसेस स्वतःहून थांबते. 'फेटल' म्हणजे फाइल नाही, परवानगी नाही किंवा सेटिंग चुकीचे आहे म्हणून काम थांबले, आणि हे आपल्या हाताने दुरुस्त होण्यासारखे असते. 'पॅनिक' म्हणजे प्रोग्रामच्या आतलीच चूक, जी तो लिहिणाऱ्यालाच दुरुस्त करता येईल. तो दिसण्याची वेळ क्वचितच येते. म्हणजे आपल्याला हवा आहे तो 'फेटल'.

आणि त्यातही पहिला 'फेटल'. एक गोष्ट मोडली की तिच्यामागे दहा तक्रारींची रांग लागते, आणि टर्मिनलवर नजर नेहमी शेवटच्या ओळीवर जाते. वर सरकत जाऊन, सुरू करण्याची आज्ञा दिल्याची वेळ शोधून, तिथून खाली वाचत यावे.

एक ओळ जवळून पाहू. 'पोस्टफिक्स/मास्टर[२३१७]: फेटल: बाइंड ०.०.०.० पोर्ट २५: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. तिरप्या रेघेनंतरचा शब्द सांगतो की तक्रार मास्टरची आहे, म्हणजे बिघाड पहिल्या प्रकारचा आहे. चौकटी कंसातला आकडा प्रोसेसचा क्रमांक आहे; त्याच क्रमांकाच्या बाकीच्या ओळी एकत्र वाचल्या की एकाच प्रयत्नाची गोष्ट सलग कळते. 'बाइंड' म्हणजे पोर्ट ताब्यात घेण्याचा प्रयत्न, ०.०.०.० म्हणजे या यंत्राचे सगळे आयपी पत्ते, आणि शेवटचे शब्द सांगतात की ती जागा आधीच कोणीतरी घेतली आहे. कोण तपासायचे, कुठे तपासायचे आणि काय तपासायचे, तिन्ही उत्तरे या एका ओळीत आहेत.

पोर्ट अडवणारा कोण?

हाच बिघाड पुढे नेऊ. 'एसएस -एलटीएनपी'च्या यादीत २५ क्रमांकासमोर प्रोग्रामचे नाव दिसते. रेड हॅट घराण्यात तिथे सेंडमेल हा दुसरा मेल सर्व्हर सापडू शकतो. तो 'सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ सेंडमेल' या आज्ञेने थांबवून कायमचा बाजूला करावा. डेबियनवर एक्झिम हा आणखी एक मेल सर्व्हर आणि पोस्टफिक्स ही पॅकेजे एकत्र नांदत नाहीत, एक बसवले की दुसरे निघते, म्हणून तिथे दोष बहुधा दुसरीकडे असतो: कोणीतरी चाचणीसाठी उभा केलेला आणि २५ पोर्ट बाहेर काढलेला डॉकर कंटेनर, किंवा नीट न थांबलेला जुना मास्टर. जुना मास्टरच उरला असेल, तर 'पोस्टफिक्सचा मेल आधीच चालू आहे' अशा अर्थाचा संदेश येतो किंवा 'मास्टर.लॉक' या फाइलीवर ताबा मिळत नसल्याची तक्रार येते. ती लॉक फाइल पुसून टाकायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. ताबा मिळत नाही याचा अर्थ दुसरी प्रोसेस जिवंत आहे. 'पोस्टफिक्स स्टॉप' देऊन तिला रीतसर थांबवावे.

कधी कधी पोर्ट अडवणारा दुसरा कोणी नसून पोस्टफिक्सच असतो. ४६५ पोर्टचे जुने नाव 'एसएमटीपीएस' आणि नवे नाव 'सबमिशन्स'. 'मास्टर.सीएफ'मध्ये जुनी ओळ चालू असताना एखाद्या नव्या मार्गदर्शिकेवरून दुसरी ओळही चालू केली, की एकाच पोर्टवर दोन दावे होतात आणि ४६५ अडल्याची तक्रार येते. उलट, यंत्र जुने असेल आणि '/ईटीसी/सर्व्हिसेस' या फाइलीत 'सबमिशन्स' हे नावच नसेल, तर 'सर्व्हनेम नॉट सपोर्टेड' असा संदेश येतो. तेव्हा नावाच्या जागी सरळ ४६५ हा आकडा लिहिला तरी चालते.

कॉन्फिगरेशनमधल्या चुका

सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण माझ्या अनुभवात सुरू न होणाऱ्या पोस्टफिक्सचे कारण बहुतेक वेळा माणसाने लिहिलेल्या एखाद्या ओळीत सापडते. प्रथम 'एलएस -एलटी /ईटीसी/पोस्टफिक्स' चालवून कोणती फाइल शेवटी कधी बदलली ते पाहावे, आणि '/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग' उघडून पॅकेजे कधी अद्ययावत झाली ते पाहावे. मग 'पोस्टफिक्स चेक' द्यावे. ही आज्ञा फोल्डर, मालकी आणि परवानग्या तपासते आणि 'मेन.सीएफ'ची रचनाच मोडली असेल तर तेही सांगते. तिने काहीही न छापणे ही चांगली खूण आहे. मात्र 'मास्टर.सीएफ'मधली प्रत्येक चूक ती पकडते असे समजू नये. 'पोस्टकॉन्फ -एन' ही आज्ञा 'मेन.सीएफ'मध्ये स्पष्टपणे लिहिलेली सेटिंग्ज छापते. पोस्टफिक्सला आपले लिहिणे कसे वाचता येते आहे, ते तिच्यातून दिसते.

'मेन.सीएफ'चे दोन नियम नवख्यांना माहीत नसतात. पहिला: ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा असेल तर ती नवी ओळ मानली जात नाही, मागच्या ओळीचीच पुढची तुकडी मानली जाते. चुकून एक स्पेस पडली, की आपले नवे सेटिंग मागच्या सेटिंगच्या पोटात जाते. दुसरा: टीप लिहायची असेल तर तिला स्वतंत्र ओळ हवी. 'इनेट_इंटरफेसेस = ऑल' असे लिहून त्याच ओळीत पुढे हॅशचे चिन्ह टाकून 'सगळीकडून मेल घ्या' अशी टीप जोडली, तर पोस्टफिक्सच्या दृष्टीने ती टीप नसून मूल्याचाच भाग असतो. 'ऑल' या एकट्या शब्दाला असलेला खास अर्थ मग नाहीसा होतो, 'ऑल' नावाचे यंत्र शोधले जाते, आणि 'होस्ट नॉट फाउंड' असा 'फेटल' येतो. तो वाचून माणूस डीएनएस तपासत बसतो.

याच सेटिंगशी जोडलेली आणखी एक तक्रार म्हणजे '::१'साठी स्थानिक इंटरफेस सापडत नसल्याची. यंत्रावर आयपीव्ही६ बंद केलेले असते, पण 'इनेट_इंटरफेसेस'मध्ये 'लोकलहोस्ट' लिहिलेले असते आणि '/ईटीसी/होस्ट्स'मध्ये लोकलहोस्टचा आयपीव्ही६ पत्ता तसाच राहिलेला असतो. 'इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४' असे ठेवले की प्रश्न सुटतो. ही दोन्ही सेटिंग्ज बदलल्यावर नुसते रीलोड पुरत नाही. पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो.

'मास्टर.सीएफ'बद्दल माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. एका छोट्या संस्थेचा मेल मी पाहत होतो. एका सोमवारी पहाटे वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली, सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला आणि पोस्टफिक्स काही उठेना. सगळ्यांचा, माझाही, पहिला तर्क असा की वीज गेल्याने डिस्कवरच्या फायली बिघडल्या. तासभर मी डिस्क तपासत होतो. शेवटी लॉगमधला पहिला 'फेटल' वाचला. त्यात 'मास्टर.सीएफ'चे नाव होते, ओळीचा क्रमांक होता आणि त्या ओळीतले एक मूल्य चालणारे नसल्याची तक्रार होती. ती ओळ उघडली. ५८७ पोर्ट सुरू करण्यासाठी मी त्याखालच्या 'वजा ओ'च्या ओळींवरची हॅशची चिन्हे काढली होती. एका ओळीवरचे चिन्ह काढताना त्यामागच्या दोन स्पेसही पुसल्या गेल्या होत्या. ओळ डाव्या कडेला चिकटली, म्हणजे मागच्या सेवेचा पर्याय न राहता 'वजा ओ' नावाची नवीच सेवा झाली. दोन स्पेस परत दिल्या आणि पोस्टफिक्स उठला.

तो बदल मी तीन आठवड्यांपूर्वी केलेला होता. मग इतके दिवस सगळे कसे चालले? 'मेन.सीएफ' प्रत्येक नवी उठणारी प्रोसेस वाचते, त्यामुळे तिथली चूक सहसा काही मिनिटांत बाहेर येते. 'मास्टर.सीएफ' मात्र मास्टर फक्त सुरू होताना किंवा रीलोड झाल्यावर वाचतो. मी फाइल जतन केली, मध्येच दुसरे काम आले आणि रीलोड राहून गेले. चूक तिथे वीज जाण्याची वाट पाहत बसली होती. तेव्हापासून 'काल तर सगळे चालत होते' या वाक्यावरून मी काही ठरवत नाही. फाइल कधी बदलली आणि मास्टर त्यानंतर कधी सुरू झाला, या दोन तारखा शेजारी ठेवून पाहतो. 'मास्टर.सीएफ'मध्ये बदल केल्यावर 'पोस्टकॉन्फ -एम' ही आज्ञा, ज्यात एम मोठ्या लिपीतला असतो, चालवून तक्ता एकदा डोळ्यांखालून घालावा. त्या 'वजा ओ'च्या ओळींत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची नसते, हेही तिथेच तपासावे.

जागा आणि परवानग्या

डिस्क भरली की पोस्टफिक्सला रांगेत काही लिहिता येत नाही. 'डीएफ -एच' जागा दाखवते, 'डीएफ -आय' आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फायलींच्या नोंदींची संख्या, दाखवते. लहान लहान फायलींचा ढीग झाला असेल तर जागा शिल्लक असूनही आयनोड संपलेले असतात, म्हणून दोन्ही पाहावे. जागा करण्यासाठी जुने लॉग हटवावेत. '/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स'मध्ये शिरून हाताने फायली पुसू नयेत. तिथली प्रत्येक फाइल हे कोणाचे तरी न पोहोचलेले पत्र असू शकते. रांगेतले नको असलेले पत्र काढायचेच असेल, तर त्यासाठी 'पोस्टसुपर -डी' आहे आणि त्यापुढे त्या पत्राचा रांगेतला क्रमांक द्यायचा असतो.

परवानग्यांचा बिघाड सहसा बॅकअपमधून फायली परत आणल्यावर किंवा कोणीतरी मालकी बदलणारी 'चओन' ही आज्ञा सरसकट चालवल्यावर होतो. लॉगमध्ये 'नॉट ओन्ड बाय रूट' किंवा 'नॉट ओन्ड बाय ग्रुप पोस्टड्रॉप' असे शब्द दिसतात. 'पोस्टफिक्स सेट-परमिशन्स' ही आज्ञा मालकी पूर्ववत करते. वैतागून सगळ्यांना ७७७ परवानगी देणे हा उपाय नव्हे. मेलच्या फोल्डरांवर तर तो कधीच करू नये, कारण त्यात इतरांची पत्रे आहेत.

मास्टर उठतो, पण मेल येत नाही

आता दुसरा प्रकार. 'पोस्टफिक्स स्टेटस' चालू म्हणते, पोर्टही उघडे दिसते, पण जोडणी केली की अभिवादन येत नाही. लॉगमध्ये 'बॅड कमांड स्टार्टअप' आणि 'थ्रॉटलिंग' हे शब्द दिसतात. याचा अर्थ मास्टर 'एसएमटीपीडी'ला उठवतो आहे, तो उठताच मरतो आहे, आणि मास्टर पुढच्या प्रयत्नापूर्वी मुद्दाम थांबतो आहे. ही ओळ परिणाम सांगते. कारण तिच्या आधीच्या, 'एसएमटीपीडी'च्या नावाने पडलेल्या 'फेटल' ओळीत असते.

अद्ययावतीकरणानंतर मेल अडण्याचे हमखास दिसणारे कारण म्हणजे 'अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप'. पत्त्यांच्या याद्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असतील, तर डेबियन आणि उबुंटूवर 'पोस्टफिक्स-मायएसक्यूएल' हे पॅकेज वेगळे बसवावे लागते. सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना ते विसरले जाते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० सारख्या नव्या वितरणांनी बर्कले डीबी वगळले आहे. तिथे त्यावर चालणारा याद्यांचा 'हॅश' हा प्रकार चालत नाही, त्याच्या जागी 'एलएमडीबी' लिहून 'पोस्टमॅप' या आज्ञेने याद्या पुन्हा बनवाव्या लागतात.

दुसरे कारण मोठ्या फायली पाठवता याव्यात म्हणून केलेल्या बदलाचे. 'मेसेज_साइझ_लिमिट' मुळात १०२४०००० बाइट, म्हणजे सुमारे दहा मेगाबाइट असते, आणि 'मेलबॉक्स_साइझ_लिमिट' ५१२०००००. कोणी पहिली मर्यादा शंभर मेगाबाइटवर नेली आणि दुसरी तशीच ठेवली, तर पेटीची मर्यादा पत्राच्या मर्यादेपेक्षा लहान ठरते आणि 'लोकल' प्रोसेस काम करायला नकार देते. दुसरी मर्यादाही वाढवावी.

टीएलएसच्या, म्हणजे जोडणी सुरक्षित करणाऱ्या व्यवस्थेच्या, प्रमाणपत्राबद्दल गैरसमज फार आहे. प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून पोस्टफिक्स बंद पडत नाही. प्रमाणपत्राची फाइल वाचता आली नाही तर तो 'वॉर्निंग' देऊन टीएलएस बंद करतो. म्हणून सुरू न होण्याचे कारण शोधताना प्रमाणपत्राकडे आधी धावू नये. तसेच 'बॅकवर्ड-कम्पॅटिबल डिफॉल्ट सेटिंग्ज'बद्दलचा संदेशही घाबरण्याचा नाही. ती केवळ सूचना आहे.

सुरू करताना आणि सुरू झाल्यावर

कारण सापडले, ओळ दुरुस्त केली, आता सुरू करायचे. त्याआधी 'पोस्टकॉन्फ -ई सॉफ्ट_बाउन्स=येस' ही आज्ञा द्यावी. या सेटिंगमुळे आपला सर्व्हर कायमचा नकार देत नाही. पाचाने सुरू होणारे प्रत्येक उत्तर चाराने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नकारात बदलते, म्हणजे दुरुस्तीत काही राहून गेले असले तरी बाहेरचा सर्व्हर पत्र स्वतःकडे ठेवून पुन्हा येतो.

मग 'पोस्टफिक्स चेक', मग 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट पोस्टफिक्स', मग 'पोस्टफिक्स स्टेटस'. त्यानंतर 'एनसी लोकलहोस्ट २५' देऊन २२० ने सुरू होणारी अभिवादनाची ओळ येते का ते पाहावे आणि 'क्विट' लिहून बाहेर पडावे. हीच चाचणी कार्यालयाबाहेरच्या यंत्रावरूनही करावी, कारण लोकलहोस्टवरचे यश फायरवॉलबद्दल काही सांगत नाही. पुष्कळ घरगुती इंटरनेट जोडण्यांवरून बाहेरचे २५ पोर्ट बंद असते. तिथून उत्तर आले नाही तर आपल्या सर्व्हरला दोष देण्यापूर्वी ५८७ पाहावे. शेवटी बाहेरच्या एका खात्यावरून एक पत्र आत आणि आतून एक पत्र बाहेर पाठवून दोन्ही लॉगमध्ये शोधावीत. बाहेर गेलेल्या पत्राच्या ओळीत 'स्टेटस=सेंट' हवे.

'मेलक्यू' आपली रांग दाखवते. त्यातली बाहेर जाणारी पत्रे 'पोस्टक्यू -एफ' दिल्यावर लगेच निघतात. बाहेरून येणाऱ्या पत्रांची घाई मात्र आपल्याला करता येत नाही, ती पाठवणाऱ्या सर्व्हरच्या सोयीने येतात. समोर पोस्टफिक्सच असेल तर त्याचे दोन प्रयत्न मुळात ३०० ते ४००० सेकंदांच्या अंतराने होतात, म्हणजे पहिली पत्रे काही मिनिटांत आणि उरलेली तासाभरात दिसू लागतात. हे कार्यालयातल्या लोकांना पुन्हा एकदा सांगावे.

लॉगमध्ये अर्धा-एक तास आपल्याच खऱ्या पत्त्यांना नकार जात नाहीत हे दिसले, की 'सॉफ्ट_बाउन्स' पुन्हा 'नो' करून 'पोस्टफिक्स रीलोड' द्यावे. ते विसरले तर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरची पत्रे आणि स्पॅम पाठवणारे सर्व्हर दिवसेंदिवस परत परत दार ठोठावत राहतात. 'सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड पोस्टफिक्स' विचारून सेवा यंत्राबरोबर आपोआप उठणार आहे याची खात्री करावी, कोणत्या फाइलीतली कोणती ओळ का बदलली ते तारखेसह त्याच फाइलीत, पण स्वतंत्र ओळीवर, हॅशचे चिन्ह टाकून लिहून ठेवावे, आणि त्याच आठवड्यात, कार्यालय सुटल्यावर, सर्व्हर एकदा स्वतःच्या हाताने रीबूट करून पोस्टफिक्स उठतो का ते समोर बसून पाहावे.